पाच मिनिटांची सनद

‘सनद’ हा शब्द मराठीत अरबीतून फारसीच्या वाटेने आला आणि येताना दरबारी पोशाख चढवूनच आला. इनामदाराला जमिनीची सनद मिळे, वकिलाला आजही वकिलीची सनद घ्यावी लागते, आणि १७१९ साली बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून परतले ते चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा घेऊनच. मूळ अरबीत या शब्दाचा अर्थ आधार किंवा टेकू असा असून ज्या कागदाच्या आधारावर माणूस आपला हक्क सांगतो तो कागद, हा पुढचा अर्थ त्यातूनच निघाला आहे. बहारीनमध्ये, राजधानी मनामाच्या दक्षिणेला, तुबली उपसागराच्या काठी, सित्रा बेटाच्या शेजारी याच नावाचे गाव आहे आणि तेथे तिवरांचे एक बेट अजून तग धरून असल्यामुळे ठाण्याच्या खाडीकाठी वाढलेल्या माणसाला ते गाव अगदीच परके वाटत नाही. अडचण येते ती पत्ता सांगताना, कारण ‘सध्या सनदेत असतो’ असे कळवल्यावर गावाकडच्या वडीलधाऱ्यांपैकी निम्मे तरी असे समजतात की मुलाने अभियांत्रिकी सोडून वकिली सुरू केली.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र तिसरीच सनद आहे. विनोदी नाटकाच्या किंवा रंगमंचीय हास्य कार्यक्रमाच्या निर्मात्याला आज प्रेक्षकांकडून तिकिटाचे पैसे वसूल करण्याचा अधिकार ज्या एका गोष्टीने प्राप्त होतो ती गोष्ट म्हणजे दूरचित्रवाणीवरील पाच मिनिटांची हजेरी, जिला नाट्यव्यवसायात ‘प्रमोशन’ असे म्हणतात. मराठी कचेऱ्यांत हाच शब्द बढती या अर्थाने वापरला जातो, आणि दोन्ही ठिकाणी ती मिळवण्यासाठी योग्य माणसासमोर योग्य वेळी हसावे लागते, एवढे साम्य सोडले तर या दोन अर्थांचा परस्परांशी संबंध नाही. बाळाजी विश्वनाथांना सनदांसाठी सैन्य घेऊन दिल्ली गाठावी लागली; आजच्या निर्मात्याला चार नट, एक प्रसिद्धिप्रमुख आणि नाटकाच्या नावाचे छापील टी-शर्ट घेऊन मुंबईच्या एखाद्या उपनगरातील स्टुडिओ गाठावा लागतो, आणि वाहतुकीचा विचार करता दोन्ही प्रवासांना लागणाऱ्या वेळात अभ्यासकांना वाटतो तेवढा फरक नसावा.

थोडक्यात चव दाखवून मोठा खेळ विकण्याची ही युक्ती दूरचित्रवाणीने शोधली, असे समजणे हा तमाशावर अन्याय होईल. तमाशाच्या रचनेत गण आणि गवळण झाल्यावर, मुख्य कथानक म्हणजे वग सुरू होण्यापूर्वी, ‘बतावणी’ नावाचा एक भाग येतो, ज्यात सोंगाड्या व त्याचा जोडीदार यांच्यात हजरजबाबी चकमक होते आणि तिचा पुढच्या वगाशी संबंध असलाच पाहिजे असा नियम नसतो. बतावणीचे काम प्रेक्षकाला जागेवर बसवण्याचे होते. आजच्या दूरचित्रवाणीवरील प्रहसनाचे, म्हणजे ज्याला सर्वजण ‘स्किट’ म्हणतात त्याचे, कामही तेच आहे, फक्त बतावणी पाहणारा माणूस तंबूच्या आत आलेला असे आणि स्किट पाहणारा माणूस घरच्या सोफ्यावर असतो व त्याला तेथून उठवून तंबूपर्यंत आणणे बाकी असते.

दुसरा पूर्वज म्हणजे ग्रामोफोनची तबकडी. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचेच गाणे मावत असे, आणि नाटकात तेच पद रंगले व त्याला ‘वन्स मोअर’ मिळाला की त्याच्या कित्येक पट वेळ घेई. १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी स्थापन करणाऱ्या बालगंधर्वांची पदे अशा तबकड्यांवरून घरोघरी पोहोचली, आणि ती घरी ऐकलेला माणूस ‘आता ऐकून झाले, नाटकाला कशाला जायचे’ असे म्हणाला नाही. उलट ऐकलेलेच पुन्हा ऐकण्यासाठी तो बैलगाडी जुंपून गेला. संगीत नाटकाच्या बाबतीत हे समजण्याजोगे आहे, कारण पाठ झालेले गाणे अधिक गोड लागते. विनोदाचे तसे नाही, असे विनोदाचे सर्व शास्त्रकार सांगतात. अनपेक्षितता हा विनोदाचा प्राण असून अपेक्षित विनोद म्हणजे उतरलेली कढी, असा त्यांचा सिद्धान्त आहे. सनद येथील मराठी घरांचा पुरावा या सिद्धान्ताच्या विरुद्ध जातो, तो पुढे येईल.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेव्हा प्रसिद्धीचा हा व्यवहार त्याच्या मनातही नव्हता. भारतीय दूरदर्शनने जाहिराती घेण्यास १९७६ साली सुरुवात केली, त्यापूर्वी सरकारी पडद्यावरून कोणी काही विकावे ही कल्पनाच असभ्य मानली जाई. ‘गजरा’सारख्या कार्यक्रमातून छोटी प्रहसने दाखवली जात आणि त्यातले चेहरे लोकांच्या ओळखीचे होत, पण प्रहसन संपल्यावर नटाने कॅमेऱ्याकडे वळून शनिवारी दुपारी चार वाजता शिवाजी मंदिरात या, असे सांगण्याची प्रथा नव्हती. ते काम वर्तमानपत्रांतील नाटकांच्या जाहिराती करीत, ज्यांची स्वतंत्र वाङ्मयीन परंपरा होती व आहे, आणि जिच्यात ‘लोकाग्रहास्तव’ हा शब्द तिकिटे न खपलेल्या नाटकालाही तितक्याच आत्मविश्वासाने लावला जातो.

चित्र बदलले ते खासगी वाहिन्यांमुळे, आणि मराठीत या बदलाला स्वतःचे गाव मिळाले ते २०१४ साली. झी मराठीवर त्या वर्षी सुरू झालेल्या ‘चला हवा येऊ द्या’ या कार्यक्रमाने थुकरटवाडी नावाचे काल्पनिक खेडे वसवले, ज्यात डॉ. निलेश साबळे हे लेखन, दिग्दर्शन आणि सूत्रसंचालन अशी तिन्ही खाती सांभाळीत आणि भाऊ कदम, कुशल बद्रिके, सागर कारंडे, श्रेया बुगडे, भारत गणेशपुरे ही मंडळी गावकरी होती. पद्धत अशी की नवीन चित्रपटाचा किंवा नाटकाचा चमू पाहुणा म्हणून यायचा, एका बाजूच्या सोफ्यावर ओळीने बसायचा, आणि त्याच्याच कलाकृतीचे विडंबन त्याच्यासमोर होत असताना त्याने हसायचे. आपल्या मालाची टिंगल समोर बसून ऐकणे आणि तिला टाळ्या देणे ही व्यापाराच्या इतिहासातील फार पुढची पायरी म्हटली पाहिजे. कोणत्याही कापडदुकानदाराने गिऱ्हाइकासमोर आपल्या लुगड्याचा रंग जातो असे नाचून दाखवणाऱ्या माणसाला आजवर मानधन दिलेले नाही. पण युक्ती लागू पडली, इतकी की शाहरुख खान व सलमान खान यांच्यासारखे हिंदीतले तारेही या खेड्याच्या वेशीपर्यंत येऊन गेले.

या हजेरीच्या पाच मिनिटांचे पृथक्करण केले तर त्यात नाटकाच्या वाट्याला काय येते हे पाहण्यासारखे आहे. पहिले मिनिट आगमनात जाते, ज्यात संगीत वाजते, प्रत्येक पाहुणा प्रत्येक यजमानाला मिठी मारतो आणि सर्वांत ज्येष्ठ नटाच्या पाया पडण्यावरून दोघांची टक्कर होते. दुसऱ्यात ‘नाटकाबद्दल काय सांगाल?’ हा प्रश्न येतो आणि त्याचे उत्तर नाट्यव्यवसायाने फार पूर्वी ठरवून ठेवलेले आहे: विषय खूप वेगळा आहे, संपूर्ण कुटुंबाने एकत्र बसून पाहावे असे आहे, आणि तालमीत आम्ही प्रचंड धमाल केली. यातील ‘वेगळा’ हा शब्द मूळ अर्थाने घ्यायचा नसतो. तो ‘श्री’ किंवा ‘चि.सौ.कां.’ यांसारखा नावाआधी लावण्याचा उपचार आहे, कारण प्रत्येक नाटक वेगळे असल्याचे जाहीर झाल्यामुळे वेगळे नसलेले नाटक कसे असते हे पाहण्याची संधी मराठी प्रेक्षकाला अनेक वर्षांत मिळालेली नाही. तालमीतील धमालीचे विधान तर तर्कशास्त्राच्या दृष्टीने विशेष चिंत्य आहे, कारण स्वयंपाक करताना आचाऱ्याने काय मजा केली यावरून जेवणाची पारख कोणी करीत नाही. तिसरे मिनिट दिग्दर्शक बोलू लागतो तेव्हा जाहिरातीच्या विश्रांतीत जाते. राहिलेल्या दोन मिनिटांत नाटकातला एक तुकडा सादर होतो, म्हणजे हास्यनिर्मितीचा जो नेमका क्षण असतो आणि ज्याला हल्ली सर्वत्र ‘पंच’ म्हणतात, तो नाटकातला सर्वांत चांगला पंच तेथे फुकट वाटला जातो. निर्माता या सर्व काळात पडद्याच्या तळाशी सरकणाऱ्या पट्टीकडे डोळे लावून असतो, कारण प्रयोगाची तारीख, वेळ आणि नाट्यगृहाचे नाव तेथे येते आणि ते बरोबर आहे याची खात्री पटेपर्यंत त्याला पंच ऐकू येत नाही.

सर्वांत चांगला पंच वाटून टाकावा की राखून ठेवावा, हा या व्यवसायातील खरा पेच आहे. आंबेवाला गिऱ्हाइकाला फोड कापून देतो तेव्हा पेटीतले उरलेले आंबे शाबूत असतात. विनोदवाला फोड देतो तेव्हा आंबाच देऊन टाकतो. शोकनाट्याच्या निर्मात्याला ही चिंता नसते, कारण नायिकेचा एक हुंदका दाखवल्याने तिचे दुःख कमी झाल्याचे ऐकिवात नाही. कमी प्रतीचा विनोद पुढे करावा तर पाहणारा म्हणतो की चांगल्यातला म्हणून हा दाखवला असेल तर उरलेले कसे असेल, आणि उत्तम पुढे करावा तर तो नाट्यगृहात शिळा होतो. अमेरिकेत १९६२ ते १९९२ अशी तीस वर्षे रात्रीचा कार्यक्रम चालवणाऱ्या जॉनी कार्सन याच्यासमोर नवे विनोदकार अशीच पाच-सहा मिनिटांची घोटीव सादरीकरणे करीत, पण तेथे सनद वेगळ्या पद्धतीने मिळे: सादरीकरण संपल्यावर कार्सनने हाताने खुणावून शेजारच्या कोचावर बोलावले तर माणसाचे भाग्य उजळले असे समजत, आणि १९८६ साली एलेन डीजेनेरेस ही पहिल्याच खेपेत त्या कोचापर्यंत पोहोचलेली पहिली स्त्री विनोदकार ठरली. मराठी पद्धतीत पाहुणा आधीच सोफ्यावर बसलेला असतो, ही आपल्या आदरातिथ्याची खूण असली तरी तिच्यामुळे परीक्षा पुढे ढकलली जाते आणि ती नाट्यगृहात द्यावी लागते.

२०१८ साली सोनी मराठीवर ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ सुरू झाल्यानंतर प्रवाहाची दिशाच उलटली. आधी रंगभूमीवरचा नट नाटकाची वार्ता देण्यासाठी दूरचित्रवाणीवर जाई. आता दूरचित्रवाणीवर दर आठवड्याला दिसणारी मंडळी रंगभूमीवर येऊ लागली आणि विशाखा सुभेदार, नम्रता संभेराव, पंढरीनाथ कांबळे व प्रसाद खांडेकर यांच्या ‘कुर्रर्रर्र’सारख्या नाटकाच्या बाबतीत सनद आणण्यासाठी कोठे जाण्याचे कारणच उरले नाही, कारण सनद चेहऱ्यावरच छापलेली होती. अशा नाटकाच्या प्रेक्षकाला नट नवा नसतो. त्याला पाहायचे असते ते हे की रोज हातभर रुंद पडद्यात मावणारा माणूस प्रत्यक्षात पायांसकट असतो का.

सनद गावातील मराठी घर या सर्व उलाढालीचा शेवटचा थांबा आहे आणि म्हणूनच निरीक्षणाला सोयीचे आहे. बहारीनचे घड्याळ भारताच्या अडीच तास मागे असल्यामुळे महाराष्ट्रात रात्री साडेनऊला, जेवणे आटोपल्यावर, लागणारा विनोदी कार्यक्रम तेथे सायंकाळी सातला लागतो, म्हणजे तेलशुद्धीकरण कारखान्यातून किंवा मनामाच्या कचेरीतून परतलेला माणूस चहाचा कप हातात घेतो त्या क्षणाला; ठाण्याचा प्रेक्षक झोपण्यापूर्वी हसतो तर सनदेचा प्रेक्षक पोळ्या लाटण्यापूर्वी हसतो, आणि रिकाम्या पोटी हसणे अधिक निर्मळ असते की अधिक कडवट, या प्रश्नावर अद्याप कोणी काम केलेले नाही. एकदा पाहिलेला तुकडा रात्रीतून कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर नाशिकच्या आत्याकडून येतो, सकाळी सांगलीच्या मावशीकडून येतो, आणि दुपारी तोच तुकडा ‘पाहिला का?’ असे विचारीत शेजारच्या इमारतीतील कोल्हापूरकर पाठवतो. अशा रीतीने प्रत्यक्ष नाटक कधी पाहण्याची शक्यता दिसण्यापूर्वीच त्यातील दोन मिनिटे या घराला पाठ झालेली असतात, आणि घरातला मराठी वाचता न येणारा मुलगाही तो पंच नेमक्या सुरात मारतो, अर्थ मात्र आईला विचारतो.

नाटक बहारीनला यायचे तर त्याचे गणित वेगळे होते. बंगल्याचा दिवाणखाना उभा करणारे नेपथ्य विमानात चढत नाही, म्हणून घडी होणारे पडदे, चारच पात्रे आणि दोन सुटकेसमध्ये मावणारे सामान अशी नाटके पुढे येतात. विनोदी नाटकाची व एकपात्री कार्यक्रमाची आखातात जी चलती आहे तिचे एक कारण सामानाच्या वजनाची मर्यादा हेही आहे. २००६ पासून बहारीनची साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवार असल्याने प्रयोगाला साहजिकच शुक्रवार पसंत पडतो. महाराष्ट्र कल्चरल सोसायटीसारखी मंडळी तेथे मराठी माणसांना एकत्र आणतात, आणि परदेशातील कोणत्याही मराठी मंडळाच्या बैठकीत नाटक निवडण्याची चर्चा जेथे होते तेथे ती संहितेवरून सुरू होऊन ‘त्यात तो आहे का?’ या प्रश्नावर संपते. ‘तो’ म्हणजे कोण, हे सांगावे लागत नाही. नाटककाराचे नाव कार्यक्रमपत्रिकेत छापले जाते. ‘तो’ मात्र फलकावर असतो, आणि पुष्कळदा फलकावरची त्याची मुद्रा त्याच दोन मिनिटांतली असते.

या गावाचा शेजारधर्मही येथे विचारात घ्यावा लागतो, कारण अरब शेजाऱ्याने विनोद आणि दूरचित्रवाणी यांचा प्रश्न अगदी निराळ्या रीतीने सोडवला आहे. इजिप्तमधील ‘मद्रसत अल-मुशाघिबीन’, म्हणजे खोडकरांची शाळा, हे आदिल इमाम व त्याच्या सोबत्यांचे १९७०च्या दशकातले नाटक रंगमंचावरच चित्रित झाले आणि अरब वाहिन्यांनी ते ईदच्या दिवशी वर्षानुवर्षे दाखवले. कुवेतच्या अब्दुलहुसेन अब्दुलरिधा याचे १९८१ सालचे ‘बाय बाय लंडन’ हे आखाती माणसाच्या लंडनमधील फजितीचे नाटकही असेच घराघरांत पोहोचले. पाच मिनिटे दाखवावीत की दहा, असा संकोच तेथे नाही. अख्खे नाटक वाटून टाकले गेले आणि लोक त्यातील वाक्ये आजही नटाच्या आधी म्हणतात. मराठीत लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हा प्रयोग बावन्न पात्रे एकट्याने रंगवून गाजवला, म्हणजे आखातातला माणूस आणि मराठवाड्याचा माणूस यांनी हसण्यासाठी एकच शहर निवडले होते, पण दोघांची गाठ तेथे पडल्याची नोंद नाही. सनद येथे ती भिंतीला भिंत लागून पडते: एका बाजूला ईदचा जुना विनोद चाललेला असतो, दुसऱ्या बाजूला कालचा तुकडा, आणि दोन्हीकडचे हसणे वाक्याच्या शेवटी न येता वाक्याच्या आधी येते.

शास्त्रकारांचा अनपेक्षिततेचा सिद्धान्त येथे अडखळतो. विनोद माहीत असलेला प्रेक्षक नाट्यगृहात कमी हसत नाही, तो लवकर हसतो. नट पंचाच्या दोन वाक्ये अलीकडे असतानाच मागच्या रांगांतून खसखस सुरू होते, शेजाऱ्याला कोपराने खूण केली जाते, आणि नटाने वाक्य उच्चारेपर्यंत हशा ओसरू लागलेला असतो. या दोन वाक्यांच्या अंतरात काय करावे हे कोणत्याही नाट्यशिबिरात शिकवत नाहीत. एखाद्या स्वाभिमानी नटाने त्या दिवशी वाक्य बदलून अधिक चांगला विनोद केला तर सभागृहात शांतता पसरते आणि मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत ‘टीव्हीवर चांगलं केलं होतं’ असा अभिप्राय ऐकू येतो. प्रेक्षकाने पैसे त्या दोन मिनिटांचे दिलेले असतात व उरलेले नाटक तो वरकड म्हणून स्वीकारतो, जसे पूर्वी किराणा दुकानदार मुलाच्या हातावर गुळाचा खडा ठेवी आणि मूल खड्यासाठीच दुकानात जाई, साखर-चहा आईचा असे.

म्हणूनच वार्षिक रजेवर आलेला सनदकर ठाण्याला गडकरी रंगायतनात किंवा पुण्याला बालगंधर्व रंगमंदिरात जाऊन बसतो तेव्हा तो नाटक पाहायला आलेला नसून पडताळणीला आलेला असतो. साडेआठला तिसरी घंटा होते, पडदा उघडतो, आणि तो कथानकाकडे सौजन्याने पाहत आपल्या तुकड्याची वाट पाहतो. पहिला अंक तुकड्याविना गेला तर मध्यंतरात त्याच्या मुद्रेवर फसवले गेल्याची छटा असते. दुसऱ्या अंकात अखेर तो प्रवेश येतो, हा सर्वांच्या आधी आणि सर्वांहून मोठ्याने हसतो, पुढच्या रांगेतील दोन माणसे वळून पाहतात, व मुलगा पंच म्हणून मोकळा होतो. त्यानंतर शेवटचा पाऊण तास तो पूर्ण निश्चिंत असतो. अकराच्या सुमारास पडदा पडतो आणि बाहेर रिक्षा शोधताना तो मनगटाकडे पाहतो, तर रजेचे चारच दिवस असल्याने न बदललेल्या बहारीनच्या घड्याळात साडेआठ वाजलेले असतात, म्हणजे तिकिटावर छापलेली वेळ नुकतीच झालेली असते.